घरात माणूस नाय

लासूर स्टेशन

लासूरच्या मोंढ्यामागं, रुळाच्या अलीकडं, पत्र्याची एक खोली म्हणजे आमचं घर. अण्णा मोंढ्यात हमाल, आई कांद्याच्या शेडमध्ये निवडायला. मी आणि दोन भाऊ. मी लहान असताना एका उन्हाळ्यात वादळी पाऊस आला आणि आमच्या डोक्यावरचे पत्रे गेले. एक तर रुळापलीकडच्या लिंबाच्या झाडात अडकून बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतली माणसं तो बघायची, आम्हाला मात्र त्या पत्र्याची लाज वाटायची, जसं काही आम्हीच त्याला तिथं नेऊन ठेवलं होतं.

पत्रे परत बसेपर्यंत अण्णा आणि भाऊ मोंढ्याच्या शेडमध्ये झोपायला जायचे. तिथं कोरडं होतं. पण तिथं सगळे हमालच, म्हणून आईनं आणि मी तिकडं जायचा प्रश्नच नव्हता. आई घरातच, वर उघडं आभाळ, पत्र्याच्या ट्रंकेवर पाय वर घेऊन बसून राहायची. भांडी कोणी उचलून नेतील म्हणून. मी तिच्या मांडीवर. तिच्याकडं दोन साड्या होत्या, दोन्ही ओल्या. एक अंगावर वाळायची, एक दोरीवर भिजायची. नंतर तिला जो खोकला लागला तो पुढचा हिवाळा संपेपर्यंत गेला नाही. यात काही चुकतंय असं आमच्यात कुणालाच वाटलं नाही. आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, माणसांना झोप नको का, त्यांना पोती उचलायची असतात.

मी पुढं बी.ए. झाले, मग एम.एस.डब्ल्यू. झाले. आईच्या आणि अण्णांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेज पूर्ण केलेली पहिली मीच. हे मी कुठंही सांगते. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते, तिनं विचारलेलं नसताना.

औरंगपुरा

आता मी शहरात एका छोट्या संस्थेत काम करते आणि औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितला. सोयगाव तालुक्यातल्या एका नाल्याकाठच्या गावात पाणी शिरलं, घरं पडली. आमच्या संस्थेनं ठरवलं की धान्य सगळेच वाटतायत, आपण बायांना काय लागतं ते बघू. मला आणि नसीम आपांना जायला सांगितलं.

नसीम आपा संस्थेत शिलाई शिकवतात, माझ्या आईच्या वयाच्या. माझ्याकडं डिग्री आणि त्यांच्याकडं अनुभव अशी जोडी जमवली होती. मी त्या संध्याकाळीच औरंगपुऱ्यात जाऊन पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट घेतले. टीव्हीवर पूरग्रस्त भागात फिरणाऱ्या म्याडम लोकांच्या पायात असलेच असतात. सकाळी बसस्थानकावर आपांनी माझ्या पायांकडं बघितलं, स्वतःच्या रबरी चपलांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बेटी, सोयगाव जा रई के शादी में?"

बसमध्ये मी कंडक्टरला सांगितलं, आम्ही संभाजीनगरहून पूरग्रस्त महिलांच्या पुनर्वसनासाठी चाललोय. आपा म्हणाल्या, औरंगाबादहून दोन लेडीज, सोयगाव. त्यानं दोघींना सारखंच तिकीट दिलं. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

घाट उतरल्यावर

फुलंब्री, सिल्लोडपर्यंत सगळं ओळखीचं. अजिंठ्याचा घाट उतरला की मात्र हवा बदलते आणि भाषाही थोडी बदलते. आम्ही स्वतःला मराठवाड्याचे म्हणवतो, पण सोयगावात जेवायला बसलं की कळतं, इथं अर्धा खानदेश आहे. आपांच्या मावसबहिणीकडं, सलमा खालांकडं, आमचा मुक्काम होता. त्यांनी ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीतलं भरीत वाढलं. लासूरला आमच्याकडं भरीत लाल तिखटाचं, शेंगदाण्याचं कूट घातलेलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की आमचं जास्त चांगलं. सलमा खालांनी मला पुढची मिरची जरा जास्त वाढली. डोळ्यांतून पाणी येत असताना मी त्यांना महिला सक्षमीकरणाबद्दल सांगत होते. त्या म्हणाल्या, "हौ हौ, पानी पी."

गावात पहिला दिवस

गाव रस्त्याला लागून आहे. घरांच्या भिंतींवर खांद्याएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती, सगळ्या गावाला एकाच हातानं ओढल्यासारखी. नाल्याकाठच्या बाभळींच्या शेंड्यांत कडबा आणि कापडं अडकलेली. कपाशीची बोंडं झाडावरच काळी पडलेली. आणि वास, जो मला अजून नीट सांगता येत नाही. भिजलेलं धान्य, मेलेली कोंबडी आणि ओल्या गोधड्या, सगळं एकत्र.

आम्हाला घ्यायला एक गृहस्थ आले. मी विचारलं, सरपंच कुठं भेटतील. म्हणाले, "मीच की." मी माझ्याकडच्या कागदात बघितलं, तर तिथं बाईचं नाव. ते म्हणाले, "व्हय, त्या आपल्या मंडळी. त्या घरी हाएत. काय असंल ते मला सांगा."

माझे बूट तोवर गेले होते. गावाच्या तोंडाशीच मी कडेची वाळलेली जागा बघून पाय टाकला आणि ती जागा वाळलेली नव्हती. घोट्यापर्यंत पाय आत. सरपंचांच्या यजमानांनी हात दिला तेव्हा पाय वर आला, बूट आतच राहिला. आपांनी तो काठीनं काढून माझ्या हातात दिला आणि पुढचे तीन दिवस मी सलमा खालांच्या मुलीच्या चपला घालून फिरले.

मंदिराच्या ओट्यावर आम्हाला खुर्च्या ठेवल्या. समोर पुरुष. बाया दारांतून, भिंतींमागून. मी उठून बोलले. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनात महिलांचा निर्णयप्रक्रियेतला सहभाग, असं काहीतरी. मी हे परीक्षेत लिहिलं होतं आणि मला चांगले मार्क मिळाले होते. बोलून झाल्यावर एक म्हातारी भिंतीमागून म्हणाली, "बचतगटाच्या हप्त्याला आल्या असतील. सांगा त्यांना, पाणी आलतं."

मग आपा म्हणाल्या, भाषण पुरे, घरोघरी चल. चांगली सूचना होती. मी घरोघर फिरायला लागले आणि प्रत्येक दारात नमस्कार करून विचारायचे, घरात माणसं किती. कुणी दोन सांगे, कुणी तीन, एका मोठ्या घरानं चार सांगितलं. माझं काम भराभर होत होतं. मला वाटलं, गावाकडं आता कुटुंब नियोजन चांगलं झालंय.

गयाबाई

नाल्याच्या अंगाचं शेवटचं घर गयाबाईचं. घर म्हणजे एक उभी भिंत आणि दाराची चौकट, बाकीचा ढिगारा. गयाबाई पन्नाशीची, मोजकं बोलणारी. तिची सासू बाजेवर बसून खोकत होती. सून, सुनीता, चाळणीनं चिखलातून गहू काढत होती. गयाबाईचा नवरा वारलेला. मुलगा पुण्याला कंपनीत, सुट्टी मिळत नाही. रात्रीचं झोपायला त्या तिघी शेजारच्यांच्या गोठ्यात जातात.

सुनीतानं पाणी आलं त्या संध्याकाळची हकिकत सांगितली. मंदिराच्या भोंग्यावरून शाळेत चला म्हणून पुकारलं. गयाबाई सासूला पाठीवर घेऊन निघाली. सुनीता दारापर्यंत आली आणि तिच्या लक्षात आलं की अंगावर गाऊन आहे. शाळेत सगळे सासरे, चुलत सासरे बसलेले असणार. "गाऊनवर कशी जाऊ?" म्हणून ती साडी घ्यायला परत फिरली. साडी नेसताना तिच्यामागची भिंत आत बसली. ती कशी बाहेर आली हे तिलाच आठवत नाही. साडी अर्धी नेसलेली, अर्धी मागं ओढत आणलेली. ती साडी शाळेच्या वऱ्हांड्यात तिला रात्रभर पुरली, एवढं सांगून ती हसली.

दुसरं एक दुखणं गयाबाईनं आपांना सांगितलं, मला नाही. नाल्याकाठची सगळी झुडपं पाण्यानं नेली. घरोघरचे संडास गाळानं भरलेत. झुडपं होती तोवर बायांना निदान आडोसा होता. आता दिवसभर धरून बसायचं. "पंचनाम्यात कपाशी लिवली, म्हशी लिवल्या. आमची झुडपं कोण लिवतं?" असं ती म्हणाल्याचं आपांनी नंतर मला सांगितलं.

मला तिनं एकच काम सांगितलं. तिच्या घराचा पंचनामा झालेला नव्हता. गावातल्या सगळ्या पडलेल्या घरांचे झाले, फक्त तिचंच राहिलं. तलाठी आलते, दारातून गेले, असं ती म्हणाली. परवा शेवटचे येणार होते. त्या दिवशी झालं नाही तर सरकारच्या लेखी ते घर पडलेलंच नाही आणि मदतीतून त्याचं नावच जाणार. गावातल्या पुरुषांना तिनं विचारलं होतं. ते म्हणाले, पोरगा आल्याबिगर काय होत नाय. पोरगा फोनवर म्हणाला, माझं नाव सांगा.

"तुम्ही शिकलेल्या, म्याडम. तेवढं घर लावून द्या," ती म्हणाली.

मी म्हणाले, नक्की. शिकलेल्या म्हटल्यावर मी कशालाही नक्की म्हणते. मग माझा प्रश्न विचारला, मावशी, घरात माणसं किती.

"माणूस नाय कुणी," गयाबाई म्हणाली.

मी शून्य लिहिलं. समोर तिघी बसलेल्या, एकीनं दिलेला कोरा चहा माझ्या हातात, आणि मी शून्य लिहून, चहा संपवून, नमस्कार करून पुढं गेले. माझ्याकडं एम.एस.डब्ल्यू.ची डिग्री आहे.

दुसरा दिवस

रात्री मी ऑफिसला फोन करून आकडा दिला होता. हिशोब माझाच. एकूण माणसं एवढी, त्यातल्या निम्म्या बाया धरायच्या, तेवढी पाकिटं पाठवा. एका पाकिटात साडी, परकर, आतले कपडे, टॉवेल आणि पाळीसाठीचे पॅड. सकाळी टेम्पो आला. आकडा थोडा कमी वाटला तरी मला आनंदच झाला, कारण टेम्पो लहान होता आणि रस्ता वाईट.

अंगणवाडीच्या खोलीत आम्ही वाटायला बसलो. पुरुषांना आपांनी बाहेर काढलं. बाया यायला लागल्या आणि येतच राहिल्या. खोली भरली, वऱ्हांडा भरला, पायऱ्या भरल्या. निम्म्या बायाही झाल्या नसतील तोवर पाकिटं संपली. ज्यांना मिळालं नव्हतं त्या रिकाम्या हातानं तिथंच थांबल्या. 

मला राग आला. मी समोरच्या एका बाईला म्हणाले, काल तुम्ही मला घरात दोनच माणसं सांगितली आणि आज तुमच्याकडून पाचजणी आल्यात.

ती म्हणाली, "दोनच हाएत की माणसं. मालक आन् पोरगा."

"आणि तुम्ही?"

"आम्ही बाया."

तिनं काही टोमणा मारला नव्हता. मी तिला साडीचा रंग विचारावा आणि तिनं तो सांगावा, इतकं साधं होतं ते. माझ्या मागं आपा खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून हसायला लागल्या. त्यांना बोलताही येईना. मग म्हणाल्या, त्यांच्या गल्लीत जनगणनेवाला आला होता, त्यानं त्यांच्या शेजारणीला विचारलं, घर में कितने आदमी. शेजारीण म्हणाली, "एकच. वो भी काम का नई."

बाया हसल्या. मी पण हसले, पण मला ते फार सोसवलं नाही. मी लासूरची. आमच्या घरी आई आजही म्हणते, माणसं जेवून गेली, आता आपण बसू. मी तेच मराठी बोलत मोठी झाले आणि कॉलेजात जाऊन माणूस या शब्दाचा दुसरा अर्थ शिकून आले, मग पहिला विसरून त्या गावात गेले. वर त्याच्या निम्म्या बाया धरल्या. म्हणजे आधी बाया मोजल्याच नाहीत आणि मग पुरुषांतल्या निम्म्यांना बाया केलं.

आपांनी ऑफिसला फोन लावला आणि त्यांचा स्वतःचा हिशोब सांगितला, जो त्यांनी घरोघरी दोऱ्यांवर वाळत घातलेल्या साड्या बघून केला होता म्हणे. मला खरं वाटत नाही, पण दुसऱ्या टेम्पोतली पाकिटं सगळ्यांना पुरली, हे मात्र खरं.

या गोंधळातच माझ्या डोक्यात गयाबाईचं शून्य आलं. मी तिच्याकडं गेले. विचारलं, तलाठी आले तेव्हा नेमकं काय विचारलं त्यांनी. ती म्हणाली, फटफटीवरून उतरले पण नाहीत. "माणूस हाय का घरात, इचारलं. म्हणलं, नाय. गेले."

तलाठ्यानं ‘घरी कोणी नाही’ असं धरलं आणि गयाबाईनं खरं तेच सांगितलं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि घर मध्ये पडलेलं. आता हे मला समजलं आहे म्हणजे उद्या मी तलाठ्याला समजावून सांगितलं की झालं, असं मला वाटलं. मी सलमा खालांकडं बसून मुद्दे काढले. आपा म्हणाल्या, उद्या त्या बाईलाच बोलू दे. मी म्हणाले, ती पुरुषांसमोर बोलत नाही, आणि आपली जबाबदारी काय मग.

तिसरा दिवस

पहाटेपासून मी पाणी प्यायले नव्हते. अंगणवाडीचा संडास गाळानं भरलेला, झुडपं गेलेली, सोयगावला परत जाईपर्यंत संध्याकाळ. मी माझ्या परीनं उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही. गावातल्या बायांनीही हाच उपाय काढला होता, फक्त त्यांना त्याची सवय होती.

ऊन कडक. तलाठी ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात टेबल टाकून बसले होते. माझ्याहून थोडा मोठा असेल असा मुलगा, डोळे लाल झालेले, किती गावं फिरून आला होता कोण जाणे. भोवती पुरुषांची गर्दी. सरपंचांचे यजमान शेजारच्या खुर्चीवर. गयाबाई आमच्याबरोबर आली खरी, पण खांबामागं उभी राहिली, पदर हनुवटीपर्यंत.

मी गर्दीतून पुढं गेले. म्हणाले, सर, मी एम.एस.डब्ल्यू. आहे. तलाठी म्हणाले, बरं. मग मी सुरुवात केली. आपत्तीनंतरच्या नोंदींमध्ये भाषेच्या पितृसत्ताक वापरामुळं, इथपर्यंत मी आले आणि टेबल एका बाजूला कलायला लागलं. मला वाटलं, जमीन ओली आहे, टेबल खचत असेल. खचत मी होते. सरपंचांचे यजमान घाईनं खुर्चीतून उठले, मला वाटलं मला धरायला, पण ते बाजूला सरकले, आणि मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर आदळून तिथून खाली आले.

यापुढचं मी आडवी पडून ऐकलं. कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पदरानं वारा घालत होतं. ती गयाबाई होती. खांबामागून ती कधी आली मला माहीत नाही. पदर हातात असल्यामुळं डोकं उघडं.

पुरुषांना बाईच्या अंगाला हात लावता येईना, म्हणून ते सगळे मागं झाले होते. तलाठी उभे. पाणी आणा, लिंबू आणा, असं चाललेलं. तेवढ्यात तलाठी सरपंचांच्या यजमानांना म्हणाले, ह्या म्याडम कुठल्या घराचं म्हणत होत्या? नाल्याकडचं शेवटचं? तिथं मी गेलो होतो, घरात कोणीच नव्हतं.

वारा घालायचा थांबला.

"मी होते की," गयाबाई म्हणाली.

तलाठी म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात.

"तुम्ही इचारलं, माणूस हाय का. म्हणलं, नाय. बाई इचारली असती तर व्हय म्हणले असते."

पायऱ्यांखाली बाया उभ्या होत्या. त्यांच्यातून हसण्याचा आवाज आला, आधी एकीचा, मग बऱ्याचजणींचा. तलाठी लाल झाले असावेत, मला खालून त्यांचे बूटच दिसत होते. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले.

"मावशी, तसं नव्हतं विचारायचं मला," ते म्हणाले.

"मग आता इचारा."

सरपंचांचे यजमान मध्ये पडले. म्हणाले, पोरगा पुण्याला हाय तिचा, तो आल्यावर बघू, सहीबिही लागंल. गयाबाईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तलाठ्यांना म्हणाली, घर मालकाच्या नावावर होतं, तो मेल्यावर माझ्या नावावर झालं, सही मला येते, आणि घर पोरावर नाय पडलं, माझ्यावर पडलं.

तलाठ्यांनी टेबलावरचे कागद उचलले. मग त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण राहतं, मावशी?"

"मी, माझी सासू, माझी सून. तिघीजणी."

ते म्हणाले, चला, दाखवा. गयाबाईनं माझं डोकं आपांच्या मांडीवर सरकवलं, पदर डोक्यावर घेतला आणि पुढं निघाली. ती पुढं, तलाठी मागं, त्यांच्यामागं बायांची गर्दी. मी हे सगळं बघायला उठायचा प्रयत्न केला. आपांनी माझ्या कपाळावर हात ठेवून मला परत आडवं केलं आणि म्हणाल्या, "नक्को. तू उठी तो फिर भाषण देगी."

मग मला लिंबू-साखरेचं पाणी पाजलं, तांब्याभर. त्यानंतर जे व्हायचं ते झालंच. सरपंचबाईंनी, त्यांना मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं, मला हाताला धरून त्यांच्या घरच्या संडासात नेलं. गावातला तेवढा एकच धुऊन साफ केलेला. जाताना त्यांनी विचारलं, म्याडम, हे बायांसाठी शाळेजवळ एक बांधायचं असेल तर अर्ज मीच करायचा ना, यजमानांनी नाही? मी म्हणाले, तुम्हीच सरपंच आहात. त्या म्हणाल्या, ते माहिती हाय, अर्ज कसा करायचा ते सांगा. त्यांना अर्ज मी सांगितला. तीन दिवसांत माझ्या डिग्रीचा झालेला हा एकमेव उपयोग.

परत

सोयगावहून निघताना सलमा खालांनी भरीत डब्यात बांधून दिलं. शहरात आल्यावर मी ते रूममधल्या मैत्रिणींना वाढलं आणि हे आमच्या भरतापेक्षा चांगलं आहे असं कबूल केलं, अर्थात सलमा खाला समोर नसताना.

आता आमच्या संस्थेत घरोघरी जाताना आम्ही माणसं किती असं विचारत नाही. बाया किती, पोरी किती, बाप्ये किती, पोरं किती, असं वेगवेगळं विचारतो. मी हे नव्या मुलांना शिकवते. का विचारायचं ते मी एका वाक्यात सांगते, लांबवत नाही.

गयाबाईच्या घराचा पंचनामा त्याच दिवशी झाला, तिच्या सहीनं. मदत मंजूर होऊन तिच्या स्वतःच्या खात्यात आली. पोरगा सुट्टी काढून आला तो विटा उचलायला. होळीच्या आधी घराला छप्पर बसलं, आणि त्या तिघी गोठ्यातून आपल्या घरात राहायला गेल्या.